उन्हाळ्यातली रायडिंग पँट: आधी आपलं ऊन ओळखा, मग कापड निवडा

मे महिन्यात दुपारी बाराला जालना-मेहकर रस्त्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या बाइकस्वारांकडे बघा. लांबच्या प्रवासाला निघालेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, अंगात जॅकेट असतं, हातात ग्लोव्ह्ज असतात. कमरेखाली मात्र साधी जीन्स, नाहीतर ट्रॅकपँट; मजबूत कापडाची, आत गुडघ्याला आणि कुल्ल्याला पॅड बसवलेली रायडिंग पँट नाहीच. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "एवढ्या उन्हात ते जाडजूड कोण घालणार?"

मीही हेच म्हणायचो. एका एप्रिलमध्ये मेहकरच्या अलीकडे ढाब्याकडे वळताना सांडलेल्या मुरमावर पुढचं चाक गेलं. वेग असेल तिशीच्या आसपास. हाड मोडलं नाही, पण डाव्या गुडघ्यावरची जीन्स तळहाताएवढी फाटली, खालचं कातडं सोललं आणि जखमेत मुरमाचे तांबडे कण रुतून बसले. दवाखान्यात सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने ते घासून काढत होते तेव्हा मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. जॅकेटमुळे कोपराला ओरखडाही नव्हता. गुडघ्याला मात्र तीन आठवडे ड्रेसिंग होतं, आणि खपली धरली की पाय वाकवताना ती पुन्हा फाटायची.

बरं झाल्यावर धास्तीने मी दुकानातली सगळ्यात जाड, काळी, आतून वॉटरप्रूफ अस्तराची पँट उचलली. पुढच्या मे महिन्यात कारंज्याच्या पुढे मला गरगरायला लागलं. लिंबाच्या सावलीत ती पँट उतरवली आणि सीटला बांधून उरलेला रस्ता पुन्हा जीन्सवर काढला. पहिल्या वर्षी पँट घेतली नाही ही चूक होती. दुसऱ्या वर्षी घेतली, पण कुठल्या उन्हात घालायची याचा विचार केला नाही, ही त्याहून महाग पडलेली चूक. तुम्ही यातून जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: आपलं ऊन कोणतं?

दुकानदार विचारतो, "बजेट किती?" त्याआधीचा प्रश्न असा, की तुम्ही गाडी कुठल्या हवेत चालवता.

शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून बुटात गेलेला घाम काहीच नेत नाही. दुसरी गोष्ट, उन्हाळ्यात आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा लागताच बरं वाटतं. हवा त्याहून गरम असेल तर वारा उलट अंगाला उष्णता देतो, आणि घामाला ती उष्णताही परतवावी लागते.

आता हे आपल्या नकाशावर ठेवून बघा. महाड, चिपळूण, रत्नागिरी, गोवा, मुंबई इथे मे महिन्यात पारा बहुतेक ३३-३५ ला असतो, पण हवेत दमटपणा इतका की घाम सुकतच नाही. इथे जितका वारा आत येईल तितका चांगला. पुढून-मागून मोठी जाळी असलेली पँट हवी, म्हणजे ज्याला सगळे मेश पँट म्हणतात ती. मुंबई-गोवा महामार्गावर घाटाच्या चढाला अवजड गाड्यांच्या मागे रेंगाळताना मेशही कमीच वाटते, पण रस्ता मोकळा होऊन गाडी चाळिशीच्या वर गेली की लगेच फरक कळतो.

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अकोला, जळगाव, परभणी इकडचं प्रकरण वेगळं. ४४-४५ अंशांची कोरडी हवा अंगावर येते तेव्हा पूर्ण जाळीची पँट भट्टीचं दार उघडून बसल्यासारखी वाटते. घाम यायच्या आधीच सुकतो, घाम येतोय हेच कळत नाही आणि अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. विदर्भातला माणूस उन्हात उघडा फिरत नाही, डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघतो. त्या दुपट्ट्याचं शहाणपण पायांनाही लागू आहे. इथे अशी पँट घ्यावी जिचं बरंचसं कापड घट्ट विणीचं, फिक्या रंगाचं आहे आणि मांडीवर चेनने उघडता-बंद करता येतील अशा खिडक्या आहेत. सकाळी दहापर्यंत त्या उघड्या ठेवा. दुपारी बोटभर उघड्या ठेवून आतली टाइट्स ओली करा, म्हणजे वारा हळूहळू पाणी सुकवत राहतो आणि पाय खरोखर गार राहतात. हे कोकणात करून उपयोग नाही, तिथे ओलं कापड ओलंच राहतं.

पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिकवाल्यांचं मधलं ऊन. तिथे अर्धी जाळी, अर्धं घट्ट कापड अशी पँट सगळ्यात सोयीची. वर्षातून दोनदाच विदर्भात जाणार असाल तर त्या दोन वेळा पहाटे चारला निघून अकराच्या आत थांबा. पण पँट रोजच्या हवेसाठी घ्या.

दुसरी पायरी: जाळी कुठे आहे ते बघा

दोन मेश पँट लांबून सारख्याच दिसतात. हातात घ्या आणि दुकानाच्या दारात उजेडाकडे धरा. उजेड कुठून आरपार येतो? मांडीचा पुढचा भाग, पोटरीची मागची बाजू आणि गुडघ्याच्या मागची खोबण इथून येत असेल तर उत्तम. गुडघ्याच्या वाटीवर, कुल्ल्याच्या हाडावर किंवा बसायच्या जागेवर आरपार दिसत असेल तर ती पँट परत ठेवा. माणूस पडतो तेव्हा आधी टेकतात ती गुडघा आणि कुल्ला, आणि घसरत जातो तो ढुंगणावर. तिथे घट्ट कापडच हवं.

कापडाची नावं ऐकून गोंधळू नका. कॉर्ड्युरा म्हणजे मजबूत नायलॉन. त्यापुढचा ५०० किंवा १००० हा डेनियरचा आकडा धाग्याची जाडी सांगतो. '६०० डी पॉलिस्टर' ऐकायला ५०० कॉर्ड्युरापेक्षा मोठं वाटतं, पण तेवढ्याच जाडीचं चांगलं नायलॉन घासण्याला जास्त टिकतं, म्हणून नुसत्या आकड्याची तुलना करू नका. केव्हलार हा ॲरामिड धागा. तो वितळत नाही, मात्र ऊन आणि ब्लीच त्याला कमजोर करतात. यूएचएमडब्ल्यूपीई नावाचा पॉलिथिनचा एक फार ताकदवान धागा हल्ली रायडिंग जीन्समध्ये येतो. तो कातडीला गार लागतो, पण साधारण १४५ अंशांना वितळतो. त्याचं काय ते सायलेन्सरच्या भागात सांगतो.

रायडिंग जीन्सबद्दल बरेच जण विचारतात. फक्त गुडघ्याला आणि मागे अस्तर लावलेल्या जीन्समध्ये दोन थर होतात आणि ती मेशपेक्षा निश्चित गरम असते. एकाच थरात मजबूत धागा विणलेली जीन्स तुलनेने सुसह्य, पण महाग. पुण्यात ऑफिसला जाऊन दिवसभर तीच घालून बसायचं असेल तर घ्या. मे महिन्यात तिच्यावर दिवसाला ४०० किलोमीटर काढायची कल्पना सोडून द्या.

शिलाई बोटाने चाचपून बघा. कुल्ल्यावरून आणि पायाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी शिवण दुहेरी-तिहेरी हवी, आणि निदान एक ओळ कापडाच्या घडीत लपलेली हवी. वर दिसणारा दोरा रस्त्याला घासून आधी जातो. तो गेला की कापड कितीही चांगलं असो, शिवण उसवून पाय उघडा पडतो.

तिसरी पायरी: लेबल वाचा, आणि दोन लेबलांतला फरक लक्षात ठेवा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

हेल्मेटला आपल्याकडे आयएसआय मार्काची सक्ती आहे. पँटला तशी कुठलीही सक्ती नाही, त्यामुळे काहीही 'रायडिंग पँट' म्हणून विकता येतं. भरवशाचं मोजमाप आहे ते युरोपचं. तिथे दोन वेगळ्या चाचण्या असतात, एक पँटची आणि एक आतल्या पॅडची. त्यात उतरलेल्या मालावर 'सीई' ही युरोपची खूण असते. दुकानात "सीई सर्टिफाइड आहे साहेब" असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा फक्त पॅड सर्टिफाइड असतं. पँटचं कापड आणि शिवण कोणी तपासलेली नसते.

पँटची चाचणी म्हणजे ईएन १७०९२. आतल्या बाजूला शिवलेल्या कापडी लेबलवर बाइकस्वाराचं छोटं चित्र, हा आकडा आणि वर्ग लिहिलेला असतो: ट्रिपल ए, डबल ए किंवा सिंगल ए. चाचणीत कापडाचे तुकडे गरगर फिरवून काँक्रीटच्या लादीवर सोडतात आणि थांबेपर्यंत भोक पडतं का ते बघतात. गुडघा-कुल्ल्यासारख्या मुख्य जागांसाठी हा वेग ट्रिपल ए ला ताशी साधारण १२० किलोमीटरशी, डबल ए ला ७० शी आणि सिंगल ए ला ४५ शी जुळतो. बी वर्गात पॅडची अट नाही. सी वर्ग म्हणजे नुसती पॅड जागेवर धरून ठेवणारी जाळी, तिच्या एकटीच्या भरवशावर रस्त्यावर उतरू नये.

उन्हाळ्याच्या बहुतेक मेश पँट सिंगल ए असतात. गावात आणि राज्यमार्गावर साठ-सत्तरने जाणाऱ्याला मी ती बिनधास्त घ्यायला सांगेन, कारण ती रोज अंगावर चढते. चौपदरी हायवेवर तासन्‌तास नव्वदने जायचं असेल तर डबल ए शोधा. हवेशीर डबल ए मिळतात, थोड्या जड असतात. ट्रिपल ए हवेशीर मेशमध्ये क्वचितच दिसते आणि ती ट्रॅकवर चालवणाऱ्यांसाठी ठीक.

लेबलच नसेल तर? माझ्या ओळखीतले कित्येक जण लेबल नसलेली देशी पँट वापरतात आणि ती जीन्सपेक्षा नक्कीच बरी आहे. पण मग वर सांगितलेली जाळी आणि शिवण स्वतः नीट तपासा, आणि दाम लेबलवाल्या पँटचा देऊ नका.

चौथी पायरी: पॅड बाहेर काढा

गुडघ्याच्या आतल्या खिशाचा वेल्क्रो उघडून पॅड बाहेर काढा. दुकानदार नको म्हणाला तर दुकान बदला. चांगल्या पॅडवर अक्षरं साच्यातच उठवलेली असतात, स्टिकर चिकटवलेला नसतो. ईएन १६२१-१ हा आकडा, बाइकस्वाराचं चित्र, आणि १ किंवा २ हा अंक बघा. चाचणीत पाच किलोचं वजन ५० ज्यूलच्या जोराने पॅडवर आदळतात आणि खाली किती बळ पोचतं ते मोजतात. लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मधून २० पर्यंतच. म्हणजे लेव्हल १ च्या तुलनेत लेव्हल २ जवळजवळ निम्माच मार खाली जाऊ देतं. गुडघ्याच्या पॅडवर इंग्रजी 'के' असतं, कुल्ल्याच्या पॅडवर 'एच'. 'ए' लहान आकाराचं, 'बी' मोठ्या आकाराचं.

आणि उन्हाळ्यासाठी खास खूण: 'टी प्लस'. म्हणजे ते पॅड ४० अंशांवर तापवूनही तपासलं आहे. मऊ पॅड उष्णतेने आणखी मऊ पडतात. पार्किंगमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर पँट टाकून तासाभराने पॅड दाबून बघा, सकाळपेक्षा किती लिबलिबीत झालंय ते कळेल. चंद्रपूरच्या उन्हात गाडी चालवणाऱ्याने ही खूण असलेलंच पॅड मागावं. भोकं असलेलं लेव्हल २ पॅड मिळालं तर वाराही येतो.

कुल्ल्याचे खिसेही चाचपा. पुष्कळ पँटमध्ये ते रिकामे असतात किंवा आत भांडी घासायच्या स्पंजासारखा फोमचा तुकडा असतो. तो काढून टाका आणि 'एच' खुणेची पॅड वेगळी विकत घ्या. बाइकवरून आडवं पडताना कुल्ल्याचं हाड सरळ रस्त्यावर आपटतं.

पाचवी पायरी: गाडीवर बसून बघा

आरशासमोर उभं राहून पँट बरोबर बसली की नाही हे कळत नाही. दुकानाबाहेर स्वतःच्या गाडीवर बसा, पाय फुटरेस्टवर ठेवा. उभं असताना पॅड वाटीच्या थोडं खाली वाटतं, बसल्यावर ते बरोबर वाटीवर यायला हवं आणि खाली नडगीचा वरचा भाग झाकायला हवा. आता पॅड चिमटीत धरून डावी-उजवीकडे फिरवा. सहज वळून बाजूला जात असेल तर पडताना ते तिथेच जाणार. खिशाला वरखाली सरकवायचा वेल्क्रो असेल तर लगेच जुळवून घ्या, नसेल तर एक साइज लहान घालून बघा.

लहान साइज घट्ट वाटली तर गुडघ्याच्या वर आणि पाठीमागे कमरेला ताणणाऱ्या चुण्यांची पट्टी आहे का बघा. ती नसली तर पाय वाकवताना कापड गुडघ्यावर ओढलं जातं आणि तासाभरात वाटी दुखायला लागते. पोटऱ्यांना चेन असावी आणि तळ बुटाच्या वर येऊन बसावा. जांघेत चार शिवणी एकत्र येऊन गाठ झाली असेल तर ती पँट नको. दोनशे किलोमीटरनंतर घाम आणि गाठ मिळून तिथलं कातडं सोलतात.

स्त्रियांसाठी इथे एक गोष्ट आवर्जून. 'युनिसेक्स' पँट बहुतेक पुरुषी कमरेवर बेतलेली असते. कमरेला बरोबर घेतली तर कुल्ल्यावर आवळते, कुल्ल्यावर बरोबर घेतली तर कमर ढिली राहते, पँट खाली उतरते आणि पॅड नडगीवर जाऊन बसतं. स्त्रियांच्या मापाच्या पँट आता देशी कंपन्यांच्याही येतात. त्या मागवून घ्या, दुकानात नसतील तर थांबा.

गाडीची धग

एअरकूल्ड गाडीचं इंजिन थांबल्यावर धग सरळ आतल्या मांडीवर येते, आणि लिक्विडकूल्ड गाडीचा पंखा गरम वारा नडगीवर फेकतो. म्हणून पायाच्या आतल्या बाजूला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जाळी नको. तिथे चामड्याची किंवा जाड उष्णतारोधक कापडाची पट्टी हवी. माझ्या एका मित्राच्या नवीन पँटचा उजवा पाय सिग्नलला सायलेन्सरच्या पाइपला टेकला. जाळी चॉकलेटसारखी ताणली जाऊन पाइपवर काळी तार उमटली आणि पँटला रुपयाएवढं कडक कडेचं भोक पडलं. नायलॉनच २६० अंशांच्या आसपास वितळतं, मघाशी सांगितलेला पॉलिथिनचा धागा तर त्याच्या बराच आधी.

याच कारणाने ट्रॅकपँट घालून गाडी चालवणं मला सगळ्यात घातक वाटतं. पातळ पॉलिस्टर रस्त्यावर घासून तापतं आणि जखमेला चिकटतं.

आत काय घालायचं

मेश पँट जीन्सवरून घालू नका. जीन्स घाम पिऊन बसते आणि जाळीचा सगळा उपयोग संपतो. आत पायाला चिकटून बसणारी पातळ स्पोर्ट्स टाइट्स घाला. जाळी कातडीला घासत नाही, पॅडखाली पुरळ येत नाही, आणि कोरड्या हवेत तीच ओली करता येते. मी ढाब्यावर थांबलो की बाटलीतलं पाणी दोन्ही मांड्यांवर ओततो. वर्ध्याकडे ती अर्ध्या-पाऊण तासात सुकते, मग पुढचा थांबा.

रोज ऑफिसला जाणाऱ्यांना कपडे बदलायला जागा नसते हे खरं. त्यांच्यासाठी ओव्हरपँट असते, कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी चेन उघडणारी. बूट न काढता मिनिटभरात उतरते. ती आतल्या कपड्यांवरूनच साइज बघून घ्या आणि आत कॉटनची पातळ पँट घाला.

पैसे

चांगल्या देशी मेश पँट साधारण सहा ते बारा हजारांत मिळतात. एवढे जमत नसतील तर आधी पट्ट्यांनी बांधायचे, नडगीपर्यंतचे सीई खुणेचे नी-गार्ड घ्या आणि जाड डेनिमवर बांधा. मांडी-कुल्ला उघडा राहतो, पण गुडघा वाचतो, आणि पट्ट्यांमुळे ते पॅडपेक्षाही जागेवर राहतात. पँटसाठी पैसे जमेपर्यंत निदान ते तरी घालाच.

आतलं पावसाळी अस्तर फुकट मिळतंय म्हणून पँट निवडू नका. मे महिन्यात वळीव गाठला तर ते घालायला रस्त्याच्या कडेला पँट उतरवावी लागते, आणि वरचं कापड तरीही भिजून जड होतं. वरून चढवायची साधी रेनपँट बॅगेत ठेवा.

धुणं आणि बदलणं

दोन-तीन दिवसांच्या प्रवासानंतर काळ्या पँटवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात. ते मीठ धाग्यात राहू देऊ नका. पॅड काढा, चेन आणि वेल्क्रो बंद करा, गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. ब्लीच नको, कम्फर्टसारखं सॉफ्टनर नको. वाळत घालायची ती सावलीत, उलटी करून. पॅड ओल्या फडक्याने पुसा आणि परत घालताना वरची-खालची बाजू बघा, उलटं बसलेलं पॅड मी स्वतः महिनाभर वापरलं आहे.

पडलात, तर पँटवर ओरखडा नसला तरी ज्या गुडघ्यावर पडलात तिथलं पॅड काढून वाकवून बघा. चीर, पांढरी रेघ किंवा दबलेली जागा दिसली तर दोन्ही पॅड नवीन घ्या. जुन्या पँटचं कापड चांगलं असेल तर नुसती पॅड बदलून ती आणखी दोन उन्हाळे चालते.